ईव्ह ऑनलाइनमध्ये स्कॅनरनं सावज कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ, आणि सावज म्हणजे त्यातलं दुसऱ्या खेळाडूचं जहाज. खालचे प्रश्न नव्या-जुन्या खेळाडूंनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एकाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. स्कॅनर म्हणतात तो नेमका कुठला? मला तर चार-पाच दिसतात.

शोधायला उपयोगी पडणारे दोनच. पहिला डिरेक्शनल स्कॅनर, म्हणजे सगळे ज्याला डी-स्कॅन म्हणतात तो. प्रत्येक जहाजात तो आधीपासून असतोच, वेगळं काही बसवावं लागत नाही. आसपास काय काय आहे याची यादी तो देतो. दुसरा प्रोब स्कॅनर. त्यासाठी जहाजावर लाँचर हवा. त्यातून आठ प्रोब (छोटी शोधयंत्रं) सोडायचे, आणि वस्तू कुठे आहे हे ते इतकं नेमकं सांगतात की थेट तिथे वार्प करता येतं, म्हणजे एका झेपेत पोचता येतं.

शिप स्कॅनर, कार्गो स्कॅनर आणि सर्व्हे स्कॅनर हे समोर आलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे ते बघायला असतात. त्यांच्याबद्दल प्रश्न १६ मध्ये.

२. डी-स्कॅन किती लांबचं बघतो?

१४.३ एयू. एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर, साधारण १५ कोटी किलोमीटर. आपल्या खऱ्या सूर्यमालेत सूर्यापाशी उभं राहून डी-स्कॅन मारला तर शनी यादीत येईल (साडेनऊ एयू), युरेनस येणार नाही (एकोणीस एयू). खऱ्या प्रकाशाला एवढं अंतर कापायला दोन तासांच्या आसपास लागतात. खेळात उत्तर लगेच येतं, ही आपल्यावर कृपाच.

हा विचित्र आकडा आला कुठून, असंही बरेच जण विचारतात. किलोमीटरमध्ये ही मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी ती लगेच ओळखली असेल: ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या.

व्यवहारात लक्षात ठेवायचं ते एवढंच की मोठ्या सिस्टिममध्ये (एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहमालेत) एका जागेवरून सगळं दिसत नाही. टोकाचे ग्रह आवाक्याबाहेर राहतात. म्हणून दोन ग्रहांमध्ये वार्प करताना मध्येच बुकमार्क टाकून ठेवायचा. मधली ती जागा लपायला बरी, आणि तिथून दोन्हीकडचं दिसतं.

३. जहाजाचं तोंड सावजाकडे वळवलं, कोनही बारीक केला, तरी यादी रिकामी. का?

कारण डी-स्कॅनला जहाजाच्या तोंडाशी काही देणंघेणं नाही. तो बघतो तुमच्या कॅमेऱ्याच्या दिशेनं. शंकूचं टोक जहाजापाशी असतं आणि शंकू उघडतो तुम्ही पडद्यावर जिकडे बघताय तिकडे. जहाज उत्तरेला चाललंय आणि कॅमेरा फिरून दक्षिणेकडे बघतोय, तर स्कॅन दक्षिणेचा होणार.

ग्रह किंवा बेल्ट (लघुग्रहांचा पट्टा) पडद्याच्या बरोबर मध्यभागी आणा आणि मग व्ही (डी-स्कॅनची कळ) दाबा. कोन ३६० अंश असेल तेव्हा दिशेचा प्रश्नच येत नाही, म्हणून पहिला स्कॅन नेहमी ३६०चा. दोन स्कॅनमध्ये दोनेक सेकंद जाऊ द्यावी लागतात. घाईघाईनं बटण बडवून काही मिळत नाही.

४. यादीत जहाज दिसतं, पण अंतराच्या रकान्यात नुसती रेघ. मग ते आहे कुठे, हे कसं काढायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि खरं कसबही इथेच लागतं. तुमच्या ग्रिडवर (तुमच्या लगतच्या भागात) नसलेल्या जहाजाचं अंतर डी-स्कॅन सांगत नाही. ते तुम्ही काढायचं, कोन आणि पल्ला कमी करत करत.

समजा तुम्ही मधल्या एका जागी उभे आहात. ३६० अंश आणि १४.३ एयूच्या स्कॅनमध्ये एक व्हेंचर दिसलं. व्हेंचर म्हणजे खाणकाम, म्हणजे बहुधा बेल्टवर. आता कोन ६० करा आणि ज्या ज्या दिशेला बेल्ट आहेत तिकडे एकेक स्कॅन मारा. सहाव्या ग्रहाच्या दिशेला व्हेंचर आलं. कोन १५ केला, तरी आहे. कोन ५ केला आणि त्या ग्रहाच्या पहिल्या बेल्टवर धरला: गायब. दुसऱ्या बेल्टवर धरला: आलं.

इथेच बहुतेक जण वार्पचं बटण दाबतात आणि रिकाम्या बेल्टवर उतरतात. थांबा, पल्ला तपासायचा राहिलाय. ओव्हरव्ह्यूमध्ये (पडद्यावरच्या वस्तूंच्या यादीत) तो बेल्ट ९.२ एयूवर दिसतोय असं धरू. पल्ला ९.५ ठेवून स्कॅन करा: व्हेंचर आहे. मग ८.९ ठेवून करा. आता गायब झालं, तर ते बेल्टवरच आहे. ८.९ ठेवूनही दिसलं, तर ते बेल्टवर नाही. त्याच रेषेत कुठेतरी अलीकडे आहे. त्या दिशेला दुसरा चंद्र, स्टेशन किंवा अॅनोमली (प्रश्न ९) आहे का ते बघा. तसं काहीच नसेल तर गडी सेफ स्पॉटवर (सगळ्या खुणांपासून दूरच्या मोकळ्या जागी) बसलाय आणि प्रोबशिवाय हाती लागणार नाही (प्रश्न ११).

सराव झाला की हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. सुरुवातीला मला पाच मिनिटं लागायची, आणि तोवर समोरचा होल्ड (जहाजातली माल ठेवायची जागा) भरून घरी गेलेला असायचा.

५. कोन नेमका किती ठेवायचा?

उपलब्ध कोन ५, १५, ३०, ६०, ९०, १८० आणि ३६०. नुसत्या अंशांवरून अंदाज येत नाही, म्हणून रुंदीत सांगतो. दहा एयू अंतरावर ५ अंशांचा शंकू साधारण ०.९ एयू रुंद असतो, १५ अंशांचा २.६ एयू आणि ३० अंशांचा ५.४ एयू. म्हणजे लांबून ५ अंशांचा स्कॅन मारला तरी एका ग्रहाचे सगळे चंद्र त्यात एकदम येऊ शकतात. तीन-चार एयूवर जाऊन तोच स्कॅन मारला तर रुंदी तिसऱ्या हिश्शावर येते आणि चंद्र वेगळे काढता येतात. कोन ५च्या खाली जात नाही; जवळ जाणं तुमच्या हातात आहे.

६. यादी रिकामी आली म्हणजे कोणी नाही असं समजायचं का?

अजिबात नाही. त्या यादीचा अर्थ इतकाच: या दिशेला, या पल्ल्यात, या फिल्टरमधून, या क्षणी काही दिसलं नाही. यातली एकेक गोष्ट तपासायची.

आधी फिल्टर. डी-स्कॅनच्या खिडकीत ओव्हरव्ह्यूचे फिल्टर लावायचा पर्याय असतो. ओव्हरव्ह्यूमधून तुम्ही प्रोब काढून टाकले असतील आणि हा पर्याय चालू असेल, तर डोक्यावर आठ प्रोब घिरट्या घालत असले तरी यादी स्वच्छ दिसेल. माझं पहिलं चांगलं जहाज मी असंच घालवलं. दर अर्ध्या मिनिटाला इमानेइतबारे व्ही दाबत होतो, भलत्या फिल्टरवर. तेव्हापासून स्कॅनिंगसाठी ओव्हरव्ह्यूचा वेगळा टॅब ठेवतो. त्यात जहाजं, प्रोब, ड्रोन, भग्नावशेष, स्ट्रक्चर एवढंच.

मग दिशा (प्रश्न ३) आणि पल्ला (प्रश्न २). हे सगळं बरोबर असूनही जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न.

७. कुठली जहाजं डी-स्कॅनवर दिसतच नाहीत?

क्लोक केलेलं (अदृश्य झालेलं) कुठलंही जहाज, आणि स्टेशनात डॉक केलेलं. हे सगळ्यांना माहीत असतं.

लोक फसतात ते कॉम्बॅट रेकॉन प्रकारच्या जहाजांमुळे: रूक, कर्स, लॅकेसिस आणि ह्युगिन. ही जहाजं क्लोक न करता उघड्यावर उभी असतात, डोळ्यांनी दिसतात, कॉम्बॅट प्रोबनं (प्रश्न १०) सापडतात, पण डी-स्कॅनच्या यादीत येत नाहीत. २०१५ च्या सुरुवातीपासून हे असं आहे. त्यांची भावंडं फाल्कन, पिलग्रिम, अराझू आणि रेपियर यांना ही सवलत नाही. ती कोव्हर्ट क्लोकवर चालतात. क्लोक उघडला की ती यादीत दिसतात, फक्त तोवर उशीर झालेला असतो.

तिसरी गोष्ट मोबाइल स्कॅन इनहिबिटर. हा डबा एका जागी टाकला की त्याच्या परिघातली जहाजं स्कॅनवरून पुसली जातात. गंमत अशी की डबा स्वतः यादीत ठळक दिसतो. ओसाड सिस्टिममध्ये स्कॅन इनहिबिटर दिसला तर तिथे कोणीतरी टपून बसलंय असंच धरून चाला.

८. उलटा प्रकार: यादीत दहा जहाजं, पण लोकलमध्ये (सिस्टिममधल्या खेळाडूंच्या गप्पांच्या यादीत) मी एकटा. हे काय?

रिकामी जहाजं आहेत, आत पायलट नाही. कोणीतरी आपल्या तळाच्या ढालीत ती पार्क करून गेलंय. यादीत कंट्रोल टॉवर आणि फोर्स फील्ड ही दोन नावं शोधा. दोन्ही असतील तर ती जहाजं बहुतेक तिथलीच. पाच अंशांचा स्कॅन त्या चंद्रावर धरून खात्री करा आणि त्यांची नावं लक्षात ठेवा. पुढच्या स्कॅनमध्ये त्यांच्याखेरीज जे दिसेल ते तुमच्या कामाचं.

९. अॅनोमली आणि सिग्नेचर यांत फरक काय? एक आपोआप दिसतं, दुसऱ्यासाठी प्रोब का लागतात?

खेळाची रचनाच तशी आहे. अॅनोमली सिस्टिममध्ये शिरताच जहाजाचा स्वतःचा स्कॅनर दाखवतो, आणि लगेच वार्प करता येतं. सिग्नेचर म्हणजे वर्महोल (दुसऱ्या सिस्टिममध्ये नेणारं भोक), रेलिक साइट, डेटा साइट, गॅस वगैरे. तिथे प्रोब लागतात.

शिकाऱ्यासाठी यात एक फायदा दडलाय. अॅनोमली तुम्हाला दिसते तशीच सगळ्यांना दिसते, आणि लोक तिथे एनपीसी (खेळानं चालवलेली जहाजं) मारत बसलेले असतात. अॅनोमलीच्या खुणेवर पाच अंशांचा डी-स्कॅन धरला, त्यात एक क्रूझर, त्याचे ड्रोन आणि चार-पाच ताजे भग्नावशेष दिसले, तर एकही प्रोब न सोडता सावज सापडलं.

१०. कोअर प्रोब आणि कॉम्बॅट प्रोब यांपैकी कुठले घेऊ? आणि १०० टक्के कसे करू?

सिग्नेचर शोधायचे असतील तर कोअर. त्यांचा पल्ला ०.२५ पासून ३२ एयूपर्यंत. जहाजं, ड्रोन, स्ट्रक्चर शोधायची तर कॉम्बॅट, पल्ला ०.५ पासून ६४ एयू. कॉम्बॅट प्रोब सिग्नेचरही पकडतात, पण त्या कामात कोअरची सर येत नाही. खरी अडचण लाँचरची. कोअर लाँचरला १५ टेराफ्लॉप सीपीयू पुरतो. कॉम्बॅट प्रोब ज्यात बसतात त्या एक्स्पांडेड लाँचरला २२० लागतो, म्हणून तो कुठल्याही लहान जहाजात कोंबता येत नाही. बरेच शिकारी कोव्हर्ट ऑप्स फ्रिगेटवर (क्लोक करू शकणाऱ्या छोट्या टेहळणी जहाजावर) असतात.

वापरायची पद्धत सोपी. मोठ्या वर्तुळानं सुरुवात करा, जी खूण आली तिच्यावर सगळे प्रोब मधोमध आणा, पल्ला निम्मा करा, पुन्हा स्कॅन. पडद्यावर काय उमटतं त्यावरून किती प्रोबना सावज लागलं ते कळतं. एकाच प्रोबला लागलं तर गोल, दोघांना लागलं तर कडं, तिघांना लागलं तर दोन ठिपके. चार किंवा जास्त प्रोबना लागलं की एकच ठिपका. हे भूमितीचंच गणित आहे: प्रत्येक प्रोबला फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. दोन ठिपके आले तर त्यातला एक भुताटकीचा. प्रोब जरा सरकवून पुन्हा स्कॅन केलं की खोटा ठिपका नाहीसा होतो.

साधारण २५ टक्क्यांना प्रकार कळतो, ७५ला नाव, आणि १००ला वार्प. सगळ्यात लहान वर्तुळ करूनही ९०च्या घरात अडकलात तर आधी वरून आणि मग बाजूनं बघा, ठिपका खरंच केंद्रात आहे का. नकाशा एकाच बाजूनं बघितला की ठिपका मध्ये दिसतो आणि खोलीत भलतीकडे असतो. तरीही जमत नसेल तर कमतरता कौशल्याची आहे: अॅस्ट्रोमेट्रिक्स आणि रेंजफाइंडिंग वाढवा, सिस्टर्स ऑफ ईव्ह या गटाचे प्रोब आणि लाँचर घ्या.

११. कॉम्बॅट प्रोबनं जहाज शोधतो, पण दर वेळी ते आधीच पळून जातं. माझं काय चुकतं?

तुमचे प्रोब त्याला दिसतात. प्रोबही डी-स्कॅनच्या यादीत येतात. १४.३ एयूच्या आत तुम्ही आठ प्रोब फिरवत बसलात आणि चार वेळा वर्तुळ लहान केलं, तर समोरच्याला जाग यायला तेवढा वेळ भरपूर झाला.

क्रम उलटा करा. प्रोब सोडायचे सावजापासून लांब, शक्यतो सिस्टिमच्या टोकाला. सोडताना क्लोक उघडावा लागतो. सोडून झाले की पुन्हा क्लोक करा, प्रोब तरीही चालवता येतात. ते ग्रहांच्या पातळीपासून बरेच वर किंवा खाली नेऊन ठेवा, त्याच्या आवाक्याबाहेर. मग प्रश्न ४ मधल्या पद्धतीनं नुसत्या डी-स्कॅननं जागा काढा: दिशा पाच अंशांपर्यंत, अंतर अर्ध्या एयूपर्यंत. नकाशावर ती जागा ठरवून तिथे प्रोबचा घट्ट जथा आणायचा, वर्तुळ एक-दोन एयूचं, आणि एकदाच स्कॅन. निकाल आला रे आला की वार्प, आणि लगेच प्रोब परत बोलवायचे. म्हणजे त्याच्या यादीत ते जेमतेम काही सेकंद राहतात. तेवढ्या सेकंदांत त्यानं व्ही दाबला, तर तो सुटला. सुटूही द्या, हुशार आहे.

एका झटक्यात १०० आले नाहीत तर दुसरी फेरी करू नका. प्रोब काढून घ्या, दहा मिनिटं गप्प बसा. माणसं विसरतात.

१२. १०० टक्के मिळाले, वार्प केलं, आणि तिथे कोणीच नाही. स्कॅनर खोटं बोलतो का?

नाही. स्कॅननं त्या क्षणाची जागा सांगितली, आणि जहाज तोवर हललं. सेफ स्पॉटवर असलेले खेळाडू मुद्दाम वेगानं चालत राहतात. तुम्ही पोचेपर्यंत ते शंभर-दोनशे किलोमीटर पुढे गेलेले असतात. दीडशे किलोमीटरच्या आत वार्पही होत नाही, त्यामुळे लांबून नुसतं बघत बसावं लागतं.

दुसरी शक्यता अशी की ते डेडस्पेसमध्ये आहे. गेट असलेल्या मिशनच्या आत जहाज असेल तर तुमचा वार्प त्याच्यापाशी न सुटता दारातल्या अॅक्सेलरेशन गेटपाशी सुटतो. गेट वापरा, आत तोच असेल.

१३. काही जहाजं प्रोबनंही सापडत नाहीत असं ऐकलंय. खरं आहे?

पूर्वी खरं होतं. जहाजाचा आकार, म्हणजे सिग्नेचर रेडियस, लहान आणि सेन्सरची ताकद जास्त, तितकं ते प्रोबला अवघड. हे प्रमाण टोकाला नेऊन कधीच न सापडणारी जहाजं लोकांनी बनवली होती. आता त्या प्रमाणाला मर्यादा आहे. अवघड जहाज अजूनही बनवता येतं, आणि त्याला शोधायला उत्तम कौशल्य आणि उत्तम प्रोब लागतात. पण अशक्य काही राहिलेलं नाही. क्लोकमधलं जहाज मात्र कुठल्याच प्रोबला सापडत नाही.

१४. मलाच कोणी शोधतंय हे कसं ओळखू?

प्रश्न ११ समोरच्याच्या बाजूनं पुन्हा वाचा. यादीत कॉम्बॅट प्रोब दिसले की तुम्ही हातातलं काम सोडून निघायचं. किती जवळ आहेत ते मोजत बसू नये. कोअर प्रोब दिसले तर घाई नाही, पण सिस्टिममध्ये कोणीतरी हिंडतंय एवढं कळलं.

दुसरी खूण जहाजांच्या यादीत. मघापर्यंत नसलेलं इंटरसेप्टर (वेगवान पाठलागाचं जहाज) किंवा कोव्हर्ट ऑप्स एका स्कॅनमध्ये दिसलं आणि पुढच्याच स्कॅनमध्ये नाही, तर ते सिस्टिम सोडून गेलं असेल किंवा क्लोकमध्ये गेलं असेल. मी दुसरंच धरतो.

आणि जहाजाला नाव देताना स्वतःचं नाव त्यात घालू नका. तुम्ही दिलेलं नाव डी-स्कॅनवर वाचता येतं.

१५. वर्महोलमध्ये लोकलमध्ये कोणी दिसत नाही. तिथे काय करायचं?

डी-स्कॅन, सतत. मार्च २००९ मध्ये वर्महोल आले तेव्हापासून तिथला नियम असा आहे की लोकलमध्ये बोलल्याशिवाय कोणाचं नाव दिसत नाही. बाकी सिस्टिममध्ये लोकलची यादी अर्धी राखण करते, इथे सगळी राखण तुमच्या बोटावर.

त्याला एक जोड द्या. प्रोब स्कॅनरची खिडकी उघडी ठेवा आणि आल्या आल्या सगळे सिग्नेचर मोजून ठेवा. मध्येच एक नवा सिग्नेचर उगवला तर बऱ्याचदा तो बाहेरून कोणीतरी नुकताच उघडलेला वर्महोल असतो, के१६२. जहाज दिसायच्या आधी मिळणारी ही एकमेव सूचना. ती मिळाल्यावरही "एवढा डबा फोडून मग जातो" असं म्हणणाऱ्यांचे भग्नावशेष मी बरेच पाहिलेत. त्यातले दोन माझेच.

१६. दुसऱ्याच्या जहाजावर शिप स्कॅनर किंवा कार्गो स्कॅनर चालवला तर कॉनकॉर्ड (खेळातले पोलीस) मारतं का?

नाही. सुरक्षित सिस्टिममध्येही तो गुन्हा धरला जात नाही. शिप स्कॅनर समोरच्यानं काय काय बसवलंय ते दाखवतो, कार्गो स्कॅनर होल्डमध्ये काय आहे ते. कोणी तुमच्यावर कार्गो स्कॅनर चालवला तर तो तुमची किंमत काढतोय एवढं समजा. रेलिक आणि डेटा साइटवरच्या डब्यांनाही कार्गो स्कॅनर लागू पडतो: हॅक करण्याआधीच आत काय आहे ते कळतं आणि फालतू डबे सोडून देता येतात. सर्व्हे स्कॅनर फक्त खाणकामाचा, कुठल्या दगडात किती खनिज उरलंय ते सांगतो.

१७. काल नोंदवून ठेवलेले सिग्नेचरचे क्रमांक आज जुळत नाहीत. सगळं पुन्हा स्कॅन करायचं?

रोज ११:०० यूटीसीला सर्व्हर थोडा वेळ बंद होतो. त्यानंतर तीन अक्षरं आणि तीन आकड्यांचे ते क्रमांक बदलतात. जागा बदलेलच असं नाही, त्यामुळे क्रमांकाऐवजी बुकमार्क ठेवा. बुकमार्कवर वार्प करून काही उरलंय का बघा. उरलं असेल तर ते यादीतून बाजूला काढा आणि बाकीच्यांवरच प्रोब लावा.